इंजिन बरोबरी दाखवतंय, मग हरतो कसा?

बुद्धिबळात फ्रेंच बचावातला विनावर प्रकार (डावाच्या सुरुवातीची एक ठरलेली वाट) मी काळ्याकडून खेळतो. पांढऱ्याचा वजीर जी७ आणि एच७ची प्यादी खातो, तरी इंजिन (डाव तोलणारा संगणक प्रोग्राम) जवळपास बरोबरी सांगतं. एंडगेममध्ये, म्हणजे मोजकीच मोहरी उरल्यावर, मात्र माझी दर वेळी वाट लागते. (कॉलेज विद्यार्थी, विटा)

इंजिनची बरोबरी म्हणजे दोघांनी पुढे बिनचूक खेळल्यावरची बरोबरी. तुझ्या वाटेत तो बिनचूकपणा जवळजवळ सगळा काळ्याच्या गळ्यात आहे.

पट मांड आणि मनातल्या मनात राजे-प्यादी सोडून सगळी मोहरी उचल. तू डी४ आणि सी३ घेतोस, पण सी३वरचं तुझं प्यादं बहुतेक वेळा परत जातं. उरतं काय? पांढऱ्याकडे ए३, सी२, ई५, एफ४, जी२, एच२. तुझ्याकडे ए७, बी७, डी५, ई६, एफ७. एक प्यादं कमी, हे एक वेळ चालेल. पण एच पट्टीवर पांढऱ्याच्या प्याद्याला अडवायला तुझं एकही प्यादं नाही. ते प्यादं सुटलेलंच आहे, फक्त अजून घरी बसलंय.

मग बरोबरी आली कुठून? पांढऱ्याचा राजा मध्यातच अडकलेला, मोहरी अजून घरात, आणि जी पट्टी तुझ्या हत्तीला मोकळी. हे सगळं भांडवल वजीर पटावर असेपर्यंतचं. तुम्ही पोरं मात्र दमलात की ‘वजीर बदलू, डाव सोपा होईल’ म्हणता. सोपा होतो खरा, पण त्याच्यासाठी! घोडा एफ५वर पक्का बसव, राजा वजिराच्या बाजूला ने, डी४ किंवा एफ६ ढकलून केंद्र फोड. वजिरावर वजीर आला तर आधी एच प्याद्याकडे बघ.

सिसिलियन ड्रॅगनमध्ये (काळ्याची आणखी एक सुरुवात) सी३वरच्या घोड्यावर हत्ती द्यायचा म्हणतात. वजीर गेले तर हे अंगलट येत नाही का? (तासगाव)

बऱ्याचदा उलटंच. सी३वर बी प्याद्याने मारावं लागलं की पांढऱ्याची ए आणि सी प्यादी विखुरतात. काळ्याकडे केंद्रात दोन प्यादी, सी पट्टी अर्धी उघडी, जी७चा उंट लांबवर डोळा ठेवून. ड्रॅगनवाल्याला भीती मधल्या डावाची, एच पट्टीवरून येणाऱ्या माताची.

मुलीला क्लासमध्ये काळ्याकडून खेळायचा मार्शल हल्ला शिकवताहेत. एक प्यादं फुकट द्यायचं, मग हल्ला फसला तर? (पालक, मिरज)

फसतोही. १९१८मध्ये न्यूयॉर्कला ज्याचं नाव या हल्ल्याला आहे त्या खुद्द मार्शलनेच कापाब्लांकावर (पुढे जगज्जेता झालेला खेळाडू) हा हल्ला चढवला. कापाब्लांकाने तो झेलला आणि डाव जिंकला. तेव्हा मार्शल अकराव्या खेळीला घोडा एफ६वर घेऊन गेला होता. पुढे तिथे प्यादं सी६ ही खेळी रुळली आणि हल्ल्याला बूड आलं.

आज वरच्या पातळीवर काळा कित्येकदा मात करायला जातच नाही. एक प्यादं कमी, पण दोन्ही उंट शाबूत आणि जी प्यादं जी३वर ढकलावं लागल्यामुळे पांढऱ्याच्या राजाभोवती ढिली पडलेली पांढरी घरं, एवढ्यावर तो डाव बरोबरीत सोडवतो. पांढऱ्याचं जादा प्यादं डी पट्टीवर असतं. त्याच्यासमोर ठिय्या देऊन साठ-साठ खेळ्या बसायची मुलीची तयारी आहे का, हे आधी बघा. नसेल तर क्लासच्या सरांना वर्षभर थांबायला सांगा. माझं मत कडू लागेल, पण बारा वर्षांच्या पोरांना वीस खेळ्या पाठ करून द्यायच्या आणि हत्तीचा एंडगेम शिकवायचाच नाही, हे मला पटत नाही.

मग घरी सराव कसा करावा? (सांगली)

पाठ केलेली वाट जिथे संपते ती स्थिती मांडा, इंजिन बंद करा आणि जोडीदाराबरोबर एकदा पांढऱ्याकडून, एकदा काळ्याकडून शेवटापर्यंत खेळा. दोन्ही राजे धरून सातच मोहरी उरली, की टेबलबेसला (अशा सगळ्या स्थितींचे निकाल साठवलेला संगणकी संग्रह) विचारा. तिथे अंदाज नाही, पक्का निकाल मिळतो.

आणि हत्तीचे एंडगेम आधी. आपल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धेत सगळे उठून गेल्यावर जे टेबल उरतं, तिथे बहुधा हत्तीच असतात. फिलिडोरची बरोबरी तरी हातात बसवा: दोघांकडे एकेक हत्ती आणि पांढऱ्याकडे एक प्यादं असताना तुमचा राजा त्या प्याद्याच्या बढतीच्या घराजवळ, हत्ती आपल्या तिसऱ्या रांगेवर. पांढऱ्याचा राजा त्या रांगेत शिरू शकत नाही. म्हणून तो प्यादं तिथे ढकलतो. ते आलं रे आलं की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे सरकलेलं असल्याने त्याच्या राजाला लपायला जागाच नसते. आधी नेलात तर डाव अवघड होतो.