शाळा टाळणाऱ्या मुलावर स्टेम सेलचा उपचार करावा का?

“ह्या केल्यार माझो झील शाळेत जातलो मां?” मालवण तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा नववीत, चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेलाच नाही. कमरेच्या हाडातली मज्जा काढून त्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल) मणक्यात सोडल्या की मेंदू सुधारतो, असं कुणीतरी सांगितलं आणि घरात कर्जाची बोलणी सुरू झाली.

ताई, हे करू नका. शाळा टाळणं हा पेशी मेल्याने होणारा आजार नाही. नव्या पेशींनी भरून काढावं असं तिथे काही नसतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या दुखण्यांतच मूळपेशींचं रोपण उपचार म्हणून करता येतं. बाकी सगळं फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मणक्यात सुई घातल्याने जंतुसंसर्गाचा धोका, तो वेगळाच.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि डोळे तपासून घेतले. सगळं ठीक निघालं. पोट दुखायचं सकाळी. एसटी गेली की थांबायचं, रविवारी दुखायचंच नाही. पण म्हणून ते नाटक ठरत नाही, भीतीने पोटात खरोखरच कळा येतात. बऱ्याच गप्पांनंतर कारण कळलं: इंग्रजीचा धडा उभं राहून वाचताना तो अडखळला होता आणि वर्ग हसला होता. घरी राहिलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच दुसऱ्या दिवशीची शाळा आणखी अवघड होते.

म्हणून पायऱ्या ठरवल्या. गणवेश घालून, दप्तर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत. मग शाळेच्या फाटकापर्यंत. मग ग्रंथालयात एक तास, आवडीच्या विषयाचे दोन तास, मधल्या सुट्टीपर्यंत, शेवटी पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर मुलाने भीतीला ० ते १० गुण द्यायचे. आठाचे चार झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. भीती शिगेला असताना घरी फिरवलं, तर पळाल्यानेच सुटका होते हे मनात पक्कं बसतं. इंग्रजीच्या सरांनी महिनाभर वर्गात वाचायला सांगितलं नाही. त्या काळात त्याने आधी घरी, मग एकट्या सरांसमोर वाचलं. शाळेच्या वेळेत घरी मोबाइल, टीव्ही किंवा बंदरावर फेरी नाही. हा नियम पाळणं आईबापांना सगळ्यात जड जातं.

ग्रंथालयाच्या पायरीवर असताना मामाने त्याला गाडीवर घालून थेट वर्गात सोडलं. पुढचे दोन दिवस पोर अंथरुणातून उठलं नाही. अशा वेळी एकच पायरी खाली यायचं, पार पहिलीवर नाही. सोमवारी आणि सुट्टीनंतर भीती पुन्हा डोकं वर काढते, म्हणून आदल्या संध्याकाळी फाटकापर्यंत एक फेरी मारून यावी.

मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवा. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. झोप-जेवण तुटलं किंवा मूल मरणाचं बोलू लागलं, तर पायऱ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं.