ज्याला दुसरा पर्याय नाही, त्याचे काम आधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची जाहीरनाम्याची लांबलचक यादी मी लक्षपूर्वक वाचली. कळव्यातून ठाणे महापालिकेची निवडणूक लढवण्याचा तुझा निर्णय मला मनापासून आवडला. यादीतला एकही मुद्दा गैर नाही. उद्यान, व्यायामशाळा, सीसीटीव्ही, तलावाचे सुशोभीकरण, ज्येष्ठांसाठी कट्टा, हे सारे कोणाला नको आहे? अडचण एवढीच आहे की, निवडून आल्यावर पहिल्या वर्षात तू कोणत्या कामासाठी भांडणार आहेस आणि कोणते काम मागे ठेवणार आहेस, याचा अंदाज या यादीतून येत नाही. मतदाराला तो येणार नाही, आणि मुख्य म्हणजे तुझ्यापुढेही तो स्पष्ट झालेला नाही, असे मला वाटते.

या वेळी तर क्रम ठरवणे अधिकच आवश्यक आहे. मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकांच्या हाती आहे. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन नवे सभागृह बसेल, तेव्हा जवळपास चार वर्षांच्या तुंबलेल्या मागण्या एकदम अंगावर येतील. ज्यांचा आवाज मोठा, ज्यांच्या सोसायटीत मते जास्त, ज्यांच्याकडे अर्ज नीट लिहून देणारा माणूस आहे, त्यांच्या मागण्या आपोआप वर सरकतील. त्यासाठी कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. तसे होऊ द्यायचे नसेल, तर निकष आधीच ठरवून ठेवावा लागतो. माझा निकष सांगते. प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिही : महापालिकेने हे काम केले नाही, तर त्या माणसाला दुसरा कोणता मार्ग उरतो? ज्याला मार्गच उरत नाही, त्याचे काम आधी.

हा निकष पाण्याला लावून पाहा. ठाण्याला स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, मुंबई महापालिका आणि एमआयडीसी अशा चार ठिकाणांहून पाणी मिळते, आणि कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्याची भिस्त प्रामुख्याने एमआयडीसीवर आहे. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात किंवा मुख्य वाहिनीवर दुरुस्ती निघाली की चोवीस तासांचा शटडाऊन जाहीर होतो आणि त्यानंतर एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल, असे पत्रकाच्या शेवटी लिहिलेले असते. हे पत्रक खारेगावातल्या मोठ्या संकुलातही वाचले जाते आणि भास्करनगरच्या चढावरच्या चाळीतही वाचले जाते, परंतु दोन्हीकडचे हाल सारखे नसतात. संकुलाला जमिनीखाली टाकी असते, गच्चीवर टाकी असते, आणि त्याही आटल्या तर वर्गणी काढून टँकर मागवता येतो. चाळीत घरटी एखादे-दुसरे पिंप असते, टँकर त्या गल्लीपर्यंत चढत नाही आणि कमी दाबाचे पाणी शेवटच्या नळाला पोहोचत नाही. संकुलात एका दिवसाची गैरसोय होते, तर चाळीत तीन दिवस पाणी नसते आणि हंडा घेऊन खाली उतरणाऱ्या बाईचा त्या दिवसांचा रोजगारही बुडतो.

म्हणून जाहीरनाम्यात 'चोवीस तास पाणी' लिहू नकोस. शहराला नवा पाण्याचा स्रोत मिळणे हे एका नगरसेविकेच्या हातातले काम नाही आणि लोकांनाही ते ठाऊक आहे. तुझ्या हातात आहे ते वाटप. कोणत्या वस्तीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो आणि किती वाजता बंद होतो, ते त्या वस्तीत फलकावर लागले पाहिजे. शेवटच्या नळावरचा दाब नियमितपणे मोजला गेला पाहिजे. शटडाऊन संपल्यावर पहिले पाणी चढावरच्या वस्त्यांना सुटले पाहिजे. यासाठी मोठी निविदा लागत नाही. पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांसोबत बसून ठरवलेले वेळापत्रक लागते आणि ते पाळले जाते की नाही, हे चिकाटीने पाहणारे कोणीतरी लागते. निवडून आल्यावर चावीवाल्याला फोन करून आपल्या माणसांचे पाणी वाढवून घेण्याची सोय तुला आपोआप मिळेल. ती वापरू नकोस, कारण एका गल्लीत वाढलेला दाब दुसऱ्या गल्लीतून काढून घेतलेला असतो.

पाण्याखालोखाल मी सार्वजनिक शौचालये ठेवीन. तुझ्या यादीत ती एकविसाव्या क्रमांकावर आहेत, आणि तेही 'अत्याधुनिक शौचालये उभारणार' एवढ्याच शब्दांत. नवे बांधण्याआधी जी उभी आहेत त्यांची स्थिती पाहा, आणि ती पहाटे पाचला पाहा, कारण दुपारी अकरा वाजता अधिकाऱ्यांसोबत केलेल्या पाहणीत रांग दिसत नाही. किती दरवाज्यांना आतून कडी आहे, टाकीत पाणी किती वेळ पुरते, बायकांच्या बाजूला रात्री दिवा लागतो का, मैलाटाकी शेवटची कधी उपसली, सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे सारे वहीत उतरवून घे. रात्री दिवा नाही म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळणाऱ्या मुली आपल्याच प्रभागात आहेत. त्यांच्याविषयी सभागृहात बोलायला तुला संकोच वाटू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. कडी, दिवा आणि पाणी ही देखभालीची कामे आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, फलक लागत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षे मागे पडतात. महानगरपालिका अधिनियमाने मात्र शौचालये, मलनिस्सारण, पाणी, रस्त्यावरचे दिवे आणि प्राथमिक शिक्षण ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली आहेत, हे लक्षात ठेव. त्यांच्यासाठी तू मागणी करशील तेव्हा ती हक्काची असेल.

डोंगरावरच्या वस्त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. जुलै २०२१ मध्ये घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा मृत्यू झाला. तिथली बरीचशी जागा वनखात्याची आहे, त्यामुळे संरक्षक भिंत असो वा गटार, महापालिकेने मनात आणले तरी ते लगेच बांधता येत नाही. अशा ठिकाणी उमेदवार दोन प्रकारची आश्वासने देतात : एक, सर्वांना पक्की घरे मिळतील, दोन, कोणालाही हलवले जाणार नाही. तू दोन्ही देऊ नकोस. पुनर्वसनासाठी राज्य सरकारकडे आणि वनखात्याकडे पाठपुरावा करीन असे सांग, आणि तोवर प्रत्येक पावसाळ्याआधी काय करशील ते नेमके लिही. डोंगरातून उतरणारे ओहोळ मे महिन्यात मोकळे करून घेणे, कोणती घरे धोक्याच्या रेषेत आहेत याची यादी त्या घरांतल्या लोकांसमोर वाचणे, अतिवृष्टीच्या रात्री जवळची पालिकेची शाळा उघडी राहील आणि तिची किल्ली कोणाकडे असेल हे आधीच ठरवणे. इशारा मिळूनही माणसे घर सोडत नाहीत, याबद्दल त्यांना दोष देण्याआधी विचार कर, की घर सोडले तर सामान चोरीला जाईल आणि पुनर्वसनाच्या यादीतून नावही जाईल, ही भीती त्यांना का वाटते. जी माणसे एका रात्रीसाठी घराबाहेर पडतील त्यांचा घरावरचा दावा त्यामुळे कमी होणार नाही, हे तू अधिकाऱ्यांकडून लेखी मिळवलेस, तर पुढच्या वेळी इशारा ऐकणारी घरे वाढतील.

आता ज्या विषयाचा तुझ्या यादीत उल्लेखच नाही, तो मी मुद्दाम काढते. अनधिकृत बांधकाम. एप्रिल २०१३ मध्ये शीळफाट्याजवळ बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. आपल्या कळवा-मुंब्रा पट्ट्यातल्या कोणत्याही उमेदवाराने ही घटना विसरता कामा नये. तू निवडून आलीस की पहिल्याच महिन्यात कोणीतरी येईल आणि म्हणेल, 'ताई, फक्त एक फोन करा, पथक परत जाऊ दे.' येणारा माणूस प्रचारात तुझ्यासाठी राबलेला असेल. तेव्हा तुझ्या मदतीला कायदा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार, जो नगरसेवक अनधिकृत बांधकामाला साहाय्य करतो किंवा ते पाडणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी वा प्रत्यक्ष अडथळा आणतो, त्याचे पद जाऊ शकते. हे तू आत्ताच, प्रचारातच सांगून टाक. त्याच वेळी दुसरी बाजूही सोडू नकोस : ज्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून अशा इमारतीत खोली घेतली, ते कुटुंब फसवले गेलेले असते. त्याच्यासाठी तात्पुरत्या निवाऱ्याची मागणी करणे आणि नवा मजला चढवणाऱ्या बिल्डरला पाठीशी घालणे, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नकोस. आणि चौथा मजला चढत असताना तक्रार करणे हे तो पाडताना हळहळण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते.

बाकीच्या मुद्द्यांपैकी दोन मला महत्त्वाचे वाटतात. पहिला अभ्यासिकेचा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे दहावीच्या मुलाला अभ्यासाला जागा नसते, आणि पालिकेच्या शाळेची इमारत संध्याकाळी कुलूप लावून उभी असते. नवी इमारत मागण्याऐवजी त्या शाळेचे दोन वर्ग रात्री दहापर्यंत उघडे ठेवायला मागितले, तर एक शिपाई, एक रखवालदार आणि विजेचे बिल एवढाच खर्च येतो. ठाण्याने १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केले. या शहराला वाचनाचे अगत्य जुने आहे, ते खाडीच्या अलीकडे कळव्यातही दिसावे, असे मला फार वाटते. दुसरा मुद्दा पदपथ आणि फेरीवाले यांचा. कळवा स्थानकाबाहेर चालायला जागा नाही हे खरे आहे आणि तिथे भाजी विकणारीला दुसरा धंदा नाही हेही खरे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. जागा आखून देण्याचा निर्णय त्या समितीतून आण. हप्ता घेणाऱ्यांना मधून काढण्याचा तोच सरळ मार्ग आहे. कचरा, उद्यान आणि सुशोभीकरण यांविषयी तू लिहिलेले ठीक आहे, त्यात मी काही बदलणार नाही. फक्त स्वतःच्या नावाची बाकडी आणि कमानी यांवर प्रभागाचा निधी खर्च करणार नाहीस, असे एक वाक्य घाल.

हे सारे करायचे कुठे, हे तुला नीट माहीत असले पाहिजे. महापालिकेत १३१ नगरसेवक आहेत आणि ३३ प्रभाग. बहुतेक प्रभागांतून चार-चार सदस्य निवडून येतात. त्यामुळे मतदार एका दारातून दुसऱ्या दारात पाठवला जातो आणि चौघांपैकी कोणाचेच उत्तरदायित्व ठरत नाही. बाकीचे तिघे कोणत्याही पक्षाचे असोत, निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि पाणी, शौचालये, डोंगर यांपैकी कोण कशाचा पाठपुरावा करणार हे ठरवून चौघांच्या सह्यांनी प्रभागात लावा. त्यांनी नकार दिला, तर तुझ्यापुरते तू लाव. नंतर प्रभाग समिती. लोक सर्वसाधारण सभेतली भाषणे पाहतात, पण नळ, गटार आणि दिवे यांचे निर्णय पुष्कळदा समितीच्या त्या लहान खोलीत होतात, आणि तिथे स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही सदस्य म्हणून घेता येतात. २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद झाली आहे. मतदारांना मतदान केंद्रानुसार एकत्र बोलावून त्यांच्यापुढे कामांचा क्रम मांडण्याची ती जागा आहे. ती तू खरोखर भरवलीस, तर तुझा क्रम चुकला असेल तिथे लोकच तो दुरुस्त करतील, आणि एखाद्या बलदंड माणसाला नकार देताना त्यांचा ठराव तुझ्या हातात असेल.

अर्थसंकल्पाकडे दुर्लक्ष करू नकोस. आयुक्त तो स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून तो सर्वसाधारण सभेत येतो आणि १ एप्रिलपासून लागू होतो. म्हणजे निकालानंतर तुझ्या हाती जेमतेम दोन-अडीच महिने आहेत. देखभालीच्या शीर्षाखाली प्रभागाला किती रक्कम मिळाली आणि त्यातली किती खर्च झाली, हे मागच्या वर्षांच्या पुस्तकांतून आत्ताच काढून ठेव. ही पुस्तके जाड आणि रुक्ष असतात, तरी प्रचारातून रोज रात्री एक तास काढ. पहिल्या सभेत तू उभी राहशील तेव्हा 'आमच्या भागावर अन्याय होतो' असे म्हणण्याऐवजी कोणत्या शीर्षातली किती रक्कम न वापरता परत गेली, ते सांगता आले पाहिजे. अधिकारी भाषणांना सरावलेले असतात. आकडा समोर ठेवला की त्यांना उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह तू धरू शकतेस.

तुझी यादी सोबत परत पाठवत आहे. तिच्यातल्या पाच कामांवर खूण केली आहे आणि बाकीची दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी वेगळ्या कागदावर उतरवली आहेत. खूण केलेल्या कामांपैकी एखादे तुला पटत नसेल, तर ते बदल, मात्र पाचाचे सहा करू नकोस. शौचालयांची पहाटेची पाहणी रविवारी करणार असशील तर आदल्या दिवशी कळव, मी सोबत येईन. वस्तीतल्या बायका दोघींशी अधिक मोकळेपणाने बोलतील.

कळावे, लोभ आहेच.