घारे डोळे कुणाकडून आले?

प्रश्न : नात तीन महिन्यांची आहे. डोळे निळसर-करडे, पण मुलाचे नि सुनेचे काळेभोर. आमच्या सासूबाई घाऱ्या होत्या, म्हणून नात पणजीवर गेली असं आम्ही सांगतो. हा रंग टिकेल का? सुनेला गरोदरपणी केशरदूध दिलं होतं, त्याचा हा गुण असेल का?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, केशर आपल्या इंदुरी शिकंजीत शोभतं, बाळाच्या डोळ्यांपर्यंत त्याचा रंग पोहोचत नाही. मुळात डोळ्यात निळा रंग नसतोच. बुबुळात असतं ते मेलॅनिन हे रंगद्रव्य, तेही तपकिरी. पुढच्या थरात ते अगदी कमी असलं की उजेड विखुरतो नि डोळा निळसर दिसतो. थोडं वाढलं की घारा, भरपूर झालं की काळा. तान्ह्या बाळात ते पुरतं तयार झालेलं नसतं. सहा महिने ते वर्षभरात बराचसा रंग ठरतो, कधी तिसऱ्या वर्षापर्यंत बदलत राहतो. दिवसा खिडकीशी घेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको. बाहुलीभोवती तपकिरी झाक दिसू लागली, तर डोळे काळे होण्याच्या वाटेवर आहेत.

आता पणजीचं. आईबापांकडून प्रत्येक जनुकाची एकेक प्रत येते; काळ्याची एक प्रत आली की डोळे काळेच, हा शाळेतला हिशेब 1907 साली डॅव्हनपोर्ट या अमेरिकन संशोधक दांपत्याने मांडला. तो अर्धाच खरा निघाला. पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए-2 हे जनुक मेलॅनिनचं काम बघतं, पण त्याचं बटण शेजारच्या एचईआरसी-2 या जनुकात आहे. शिवाय रंगाला लहानमोठा हातभार लावणाऱ्या गुणसूत्रांवरच्या साठेक जागा 2021 पर्यंत सापडल्या. त्यामुळे जनुक-चाचणीवाले रंग सांगतो म्हणाले तरी घाऱ्यासारख्या मधल्या रंगात त्यांचा अंदाज हमखास डळमळतो. पैसे घालवू नका.

तरी एक गोष्ट बहुधा खरी : फिका रंग दिसायला दोन्हीकडून फिकी प्रत यावी लागते. सासूबाईंची प्रत तुमच्या यजमानांतून, मग मुलातून गुपचूप आली असेल. पण तेवढ्याने भागत नाही. डोळे घारे राहिलेच, तर सुनेच्या माहेरचाही तितकाच वाटा धरा, आणि विहीणबाईंच्या देखत तसं बोलाही. आमच्याकडे सगळं गोड ते सासरचं नि बाकीचं माहेरचं, अशी वाटणी फार चालते.

बाळाच्या बाहुलीत किंवा फ्लॅशच्या फोटोत पांढरी चमक दिसली, नजर सतत थरथरली, किंवा उजेडात डोळे उघडेनात, तर मात्र रंगाची चर्चा सोडा नि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.