शाळेची वाट : वाचकांचे प्रश्न

२२ वर्षं मी शाळेच्या बसवर मावशी म्हणून काम केलं. मुलांना चढवायचं, उतरवायचं, डोकी मोजायची. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. पहिल्या पत्राने मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून त्यालाच जास्त जागा देते.

प्रश्न : नात दुसरीत आहे. तिची बस रस्त्याच्या पलीकडे थांबते. मी अलीकडे फाटकाशी उभा राहून हात करतो आणि ती धावत येते. परवा एक मोटारसायकल तिला अगदी चाटून गेली. तिला कसं समजवावं? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, नातीला समजावण्याआधी तुमची जागा बदला. उद्यापासून रस्ता ओलांडून बसच्या दाराशी जाऊन उभे राहा. सात वर्षांच्या मुलीला आजोबा दिसले की रस्ता दिसत नाही. तुमचा हात म्हणजे तिच्या लेखी ‘ये’. तिचं काही चुकलेलं नाही.

बसमध्ये मुलं बसलेली असताना मला कधी फार धास्ती वाटली नाही. छातीत धडधडायचं ते दार उघडल्यावर. बसच्या अगदी तोंडासमोरची जागा ड्रायव्हरला दिसत नाही. तो उंचावर बसलेला असतो आणि दुसरीतलं मूल काचेच्या कडेखाली पार झाकलं जातं. एका दुपारी पहिलीतला एक मुलगा उतरला आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली निसटून पुढच्या चाकाकडे घरंगळली. मी दारात दुसऱ्या मुलीचं अडकलेलं दप्तर सोडवत होते. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, कुणी दिसलं नाही, त्याने हॅन्डब्रेक सोडला. तो ‘फुस्स’ आवाज आला आणि मी वळून पाहिलं, तर पोरगं चाकापाशी वाकलेलं. मी तळहाताने पत्र्यावर दणादण थापा मारल्या. बस जागीच थांबली. मुलगा बाटली घेऊन उठला आणि मलाच विचारतो, “मावशी, काय झालं?” माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या दिवसापासून माझ्या बसमध्ये ठरलं : पडलेली वस्तू पडलेलीच राहू द्यायची. बाटली असो की वही, आधी मोठ्या माणसाला सांगायचं. उतरलं की बसपासून मोठी पाच पावलं लांब, म्हणजे साधारण तीन मीटर. आणि उतरलेली डोकी मोजून मी हात वर केल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

तुम्ही दोघं मात्र बस निघून जाऊ द्या, रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा दिसू द्या, मग तिचा हात धरून ओलांडा. एखाद्या दिवशी तुम्हाला पोचायला उशीर झाला तरी तिने तिथेच थांबायचं, हेही तिच्याशी ठरवून ठेवा. कधी बसच्या पुढूनच जावं लागलं तर एक खूण शिकवा : ड्रायव्हरकाकांचे डोळे तुला दिसले, तरच तू त्यांना दिसतेस. ते दिसेपर्यंत रस्त्याच्या कडेकडेनेच पुढे चालत जायचं. त्यांनी खूण केली की निघायचं आणि बसची कड संपते तिथे पुन्हा थांबून डोकवायचं, कारण मागून कुणीतरी बसला ओलांडून येत असतं. बसच्या मागून तर कधीच नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे, एकट्याने चालत शाळेत जायचा हट्ट धरतो. वाटेत एक मोठा रस्ता आहे. जाऊ देऊ का? – एक आई

उत्तर : ताई, त्याचा हट्ट मला आवडला, पण मोठ्या रस्त्यासाठी अजून थांबा. या वयात मुलं गाडी किती लांब आहे ते पाहतात, किती जोरात येते आहे ते त्यांना नीट जोखता येत नाही. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती एवढं अंतर कापू शकते. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोमला झालेल्या रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेने, जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० पर्यंतच ठेवा, असं आवाहन केलं. शाळेपुढच्या रस्त्यासाठी तुम्ही पालकांनी मिळून ही मागणी जरूर लावून धरा.

तोवर त्याला पुढे चालू द्या. तुम्ही दोन पावलं मागे, तोंड मिटून. कुठे थांबायचं, कधी निघायचं, हे त्याने ठरवायचं. चुकला तर खांदा धरायला तुम्ही आहातच. सराव शाळेच्याच वेळेला करा, सुट्टीच्या दिवशीच्या मोकळ्या रस्त्यावर नको. उशीर झालेला असताना आणि पलीकडून मित्र हाका मारत असतानाही तो कडेला थांबला, असं पुन्हापुन्हा दिसू लागलं की मग विचार करा. उभ्या गाड्यांच्या फटीतून निघायचं नाही, हे तर आजपासूनच.

आसपासची चार-पाच मुलं असतील तर ‘पायी बस’ काढा. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यांवर मुलं येऊन मिळतात. डेव्हिड एंग्विक्ट या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९०च्या दशकात ही कल्पना मांडली आणि ती देशोदेशी रुजली.

प्रश्न : मुलीला गडद निळा रेनकोट हवा आहे. रंगाने काय फरक पडतो? – एक वाचक

उत्तर : खूप पडतो. अमेरिकेत १९३९ साली फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत शाळेच्या बससाठी पिवळा रंग ठरला, कारण पहाटेच्या अंधूक उजेडातही तो उठून दिसतो आणि त्यावरची काळी अक्षरं वाचता येतात. निळा घेतलाच असेल तर पाठीवर आणि दप्तरावर चमकणारी पट्टी शिवून द्या.

प्रश्न : मुलगा व्हॅनने जातो आणि हमखास झोपतो. ड्रायव्हरला काय विचारावं? – एक बाबा

उत्तर : एकच विचारा : फेरी संपल्यावर तुम्ही शेवटच्या सीटपर्यंत जाऊन पाहता का? आरशात पाहिलं, हे उत्तर चालणार नाही. झोपलेलं मूल सीटवरून घसरून खाली पायांच्या जागेत गेलेलं असतं, आरशात दिसत नाही आणि बंद गाडी उन्हात बघता बघता तापते. मी रोज मागपर्यंत जायची, प्रत्येक सीटखाली वाकून पाहायची. रिकामे डबे, रबरं, एकेकटे मोजे सापडायचे. दोनदा झोपलेलं मूल सापडलं.