खोक्यातला पाना

प्रिय मित्रा,

नव्या टॉर्क पान्याचा, म्हणजे ठरवलेल्या जोराला खटका वाजवणाऱ्या पान्याचा, फोटो मिळाला. झाकण उघडं, फोमच्या खाचेत पाना, त्यावरची प्लास्टिकची पिशवीही अजून तशीच. वस्तू चांगली घेतलीस. पण त्याने आवळणार काय आहेस, ते कुठेच लिहिलं नाहीस.

हा टोमणा समजू नकोस. गाड्यांच्या आणि हत्यारांच्या नादी लागलेली माणसं नवी खरेदी एकमेकांना दाखवणारच. त्यात थोडं मिरवणं असतं, पण निखळ आनंदही असतो. घरात ज्यांना आठ आणि दहाच्या पान्यातला फरक कळत नाही, त्यांना हा आनंद सांगणार तरी कसा? माझं म्हणणं एवढंच, की काम आधी सांगावं, वस्तू मागाहून दाखवावी. नुसतं खोकं दिसलं की लोक ‘भारी!’ म्हणतात आणि आपापल्या वाटेला लागतात. ‘चाकांचे नट आवळायला घेतला’ असं लिहिलंस, की ज्याने ते काम केलंय तो बोलायला लागतो. जमलं तर पहिलं काम उरकूनच फोटो टाक. हात काळे झालेले असले तर उत्तमच.

तुझ्याच पान्याचं बघ. दांड्यावर 40 ते 200 न्यूटन-मीटरची (आवळायच्या जोराचं माप) पट्टी दिसते. चाकांच्या नटांना ती योग्य आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांना शंभरच्या आसपास लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घे. पण इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्टही (तेल काढायचा खालचा बोल्ट) याच पान्याने आवळायचा बेत असेल, तर सोडून दे. तो बहुतेक गाड्यांत 25 ते 40 च्या दरम्यान असतो, म्हणजे तुझ्या पट्टीच्या तळाला किंवा त्याच्याही खाली. खटक्याच्या पान्याची चार टक्क्यांची अचूकता सांगतात, ती साधारणपणे कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांपासून वर धरायची असते. अगदी खाली खटका हलका वाजतो, हाताला जाणवत नाही, माणूस ओढत राहतो आणि तेलाच्या ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. त्या कामाला वेगळा, लहान पाना लागतो. काम लिहिलं असतंस तर हे तुला पहिल्या तासात कुणीतरी सांगितलं असतं. शिवाय हेही सांगितलं असतं, की या पान्याने नट सैल करायचे नाहीत, आणि ठेवताना पट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणायची, त्याच्याखाली न्यायची नाही.

आट्यांना तेल लावावं की नाही, यावर दोन तट पडतील. ते भांडण मन लावून ऐक, कारण त्यात खरं शिकण्यासारखं आहे. आवळताना आपण लावतो त्या जोरातला सुमारे नव्वद टक्के जोर घर्षणातच संपतो, निम्मा डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. बोल्टला प्रत्यक्ष ताणायला उरतो तो दहाएक टक्के. तेल लावलं की घर्षण घटतं, आणि पान्यावर तोच आकडा ठेवूनही बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल, तर आटे पुसून कोरडेच ठेवायचे. गंज येऊ नये म्हणून हौसेने ग्रीस लावणारे बरेच असतात. त्यांना वाटतं आपण बोल्टवर उपकार करतोय.

दुसऱ्यांची खरेदी पाहतानाही हाच प्रश्न मनात ठेव: कशासाठी घेतलं? कुणीतरी काळ्या सॉकेटांचा (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या वाट्यांचा) संच दाखवतो आणि तुला तुझा चकचकीत संच लगेच हलका वाटायला लागतो. काळे सॉकेट जाड भिंतीचे, बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमचे असतात, इम्पॅक्ट गनचे, म्हणजे धक्के देत नट फिरवणाऱ्या यंत्राचे, धक्के सोसण्यासाठी. चकचकीत क्रोम-व्हॅनेडियमचे जास्त कडक असतात. गनवर चढवले तर तडकू शकतात. पण हाताच्या रॅचेटवर, अडचणीच्या जागी, पातळ भिंतीचा चकचकीत सॉकेटच आत शिरतो. तुझ्याकडे गन नाही, मग काळा संच घेऊन करणार काय? त्यापेक्षा तुझे सॉकेट सहा कोनी आहेत की बारा कोनी, ते बघ. सहा कोनी सॉकेट बोल्टच्या सपाट बाजूंना धरतो. गंजलेल्या बोल्टवर बारा कोनी चढवलास, तर डोकं गोल व्हायला वेळ लागत नाही.

बॅटरीवरची हत्यारं 18 व्होल्टची की 20 व्होल्टची, या वादात पडू नकोस. दोन्हींत पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक कंपनी प्रत्येकी 3.6 धरून 18 लिहिते, दुसरी पूर्ण चार्ज असतानाचा आकडा धरून 20. पहिलं ड्रिल घेताना त्या कंपनीची बाकीची हत्यारं कोणती, एवढं मात्र बघून घे. बॅटऱ्या एकदा जमल्या की पुढची खरेदी त्याच कंपनीची होत जाते.

मला खरी काळजी वाटते ती सुट्या भागांच्या खरेदीची. इंजिनाचा दिवा लागतो, पठ्ठ्या गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडतो, पी 0171 कोड येतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्या ऑक्सिजन सेन्सरचा फोटो येतो. मग इंधन पंपाचा. मग इंजेक्टरांचा. लोक प्रत्येक फोटोला शाबासकी देतात. कोडने सांगितलं होतं इतकंच, की मिश्रणात इंधन कमी पडतंय. कारण फाटलेला व्हॅक्यूमचा पाइप असू शकतं किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर. पाइप तपासायला हात आणि टॉर्च पुरते, सेन्सर साफ करायला त्याचाच स्प्रे. पी 0420 ची गतही तीच. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सेन्सरला दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. एग्झॉस्टच्या पाइपला गळती असली तरी तसं दिसू शकतं. अशा वेळी तो माणूस खरेदी दाखवत नसतो, आपले अंदाज दाखवत असतो. त्याला ‘भारी’ म्हणू नकोस. ‘गळती तपासलीस का?’ एवढं विचार. थोडा राग येईल त्याला, येऊ दे.

आता ज्या वस्तूंचे फोटो कुणी टाकत नाही त्यांच्याबद्दल. गाडी खालून बघायची असेल तर जॅकच्या आधी, निदान जॅकबरोबर, स्टँडची जोडी घे. जॅक गाडी उचलतो. उचललेली गाडी धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. आतलं तेल अडवणारं सील गेलं की तो बसतो, आणि बसताना विचारत नाही. स्टँड लावून गाडी हाताने हलवून बघ, मगच खाली जा. यावर मी वाद ऐकून घेणार नाही.

ग्राइंडरचंही तसंच. मोठी डिस्क बसावी म्हणून गार्ड काढून टाकलेले छोटे ग्राइंडर लोक अभिमानाने दाखवतात. 180 मिलिमीटरच्या डिस्कवर साधारण साडेआठ हजार फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांपर्यंत फिरतो. ती डिस्क फुटली तर तुकडे अडवायला गार्डही नसतो. कापायच्या डिस्कची बाजू घासायला वापरू नकोस, डिस्कवरची मुदत वाच, आणि डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय बटण दाबू नकोस. वेल्डिंगच्या आधी भाग ब्रेक क्लीनरने पुसणार असशील, तर त्यात क्लोरीनयुक्त द्रावण नाही ना हे डब्यावर बघ. तसलं द्रावण वेल्डिंगच्या उष्णतेत आणि किरणांत फॉस्जीन वायू तयार करतं, आणि तो जीवघेणा असतो.

कुणी स्वस्तातला पानासंच दाखवला तर हसू नकोस. वर्षातून दोनदा लागणारं हत्यार स्वस्तच घ्यावं. मोडलं तर कळतं की ते आपल्याला खरंच लागतं, मग चांगलं घ्यायचं. जे मोडल्यावर अंगावर येईल, तिथे मात्र पैसे वाचवू नयेत.

तू कॉम्प्रेसर घ्यायचं म्हणतोयस. टाकी किती लिटरची आणि मोटर किती हॉर्सपॉवरची, हे तू लिहिलंस. मिनिटाला हवा किती देतो ते लिहिलं नाहीस. टायरात हवा भरायला छोटाही पुरतो. इम्पॅक्ट गन थोडा वेळ ओढते आणि थांबते, तिथे टाकी कामाला येते. पण सँडर (पृष्ठभाग घासायचं यंत्र) आणि रंगाची गन सतत हवा खातात. तिथे टाकी कितीही मोठी असली तरी काही वेळात दाब पडतो आणि पंपाच्या भरोशावर राहावं लागतं. टाकीत पाणी साठतं, त्यामुळे खालचा कॉक हाताला सहज येतो का तेही बघ. तुला रंग मारायचा आहे की फक्त नट सोडवायचे आहेत, ते कळव. मग मॉडेलचं बोलू.

तुझा,
काका