हेअरलाइन खाली आणताना भूल कोणती?

भूलतज्ज्ञाला विचारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय २९, वजन ५४ किलो असून कोणताही आजार नाही. भुवयांपासून केसांपर्यंत माझे कपाळ साडेसात सेंटिमीटर आहे आणि हेअरलाइन खाली आणण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायचे मी ठरवले आहे. डेक्कनवरच्या एका सर्जननी हे काम जागा बधिर करून होईल असे सांगितले, तर औंधच्या दुसऱ्या सर्जननी पूर्ण भूलच हवी असे सांगितले. आईला पूर्ण भुलीची धास्ती आहे. मला ताम्हिणी घाटात हमखास उलटी होते, त्याचाही भुलीशी काही संबंध असतो का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या शस्त्रक्रियेत केसांच्या कडेने छेद घेऊन डोक्याची त्वचा कवटीपासून मागपर्यंत सुटी करतात, ती पुढे ओढतात, कपाळाच्या त्वचेची जादा पट्टी काढून टाकतात आणि टाके घालतात. या साऱ्याला साधारण दीड ते तीन तास लागतात. डोक्याच्या त्वचेची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मोजक्या आहेत: भुवईच्या हाडापाशी वर येणाऱ्या दोन, कानशिलाजवळच्या, कानापुढच्या आणि मानेकडून वर चढणाऱ्या. त्यांच्या वाटेवर लिग्नोकेन आणि ब्युपिव्हॅकेन ही बधिर करणारी औषधे दिली की जवळजवळ सगळे डोके बधिर होते. मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागे ठेवावे लागते, तेव्हाही याच इंजेक्शनांचा आधार घेतात.

या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते. डोक्याच्या त्वचेतून रक्त फार वाहते आणि अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणूनच पूर्ण भूल दिलेल्या रुग्णालाही हे इंजेक्शन बहुधा देतातच. म्हणजे फक्त जागेवरची भूल, तिच्या जोडीला गुंगी किंवा पूर्ण भूल, या तिन्ही पद्धतींचा पाया जागेवरची भूल हाच आहे, आणि तुम्हाला निवड करायची आहे ती त्या पायावर आणखी काय हवे याची.

फक्त जागेवरच्या भुलीत सुरुवातीच्या टोचण्या झोंबतात. पुढे वेदना नसते, पण ओढ जाणवते, आणि हाडाला स्पर्श झाला की त्याचा आवाज कानात मोठा होऊन घुमतो. पुढे ओढलेली त्वचा जागेवर टिकून राहावी म्हणून काही सर्जन कवटीच्या वरच्या थरात बारीक छिद्र पाडतात. त्या वेळी पडून राहण्याची मनाची तयारी हवी. शिवाय औषधाला मर्यादा आहे. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे ३७८ मिलिग्रॅम. एक टक्क्याचे द्रावण असेल तर साधारण ३७ मिलिलिटर. क्षेत्र मोठे असल्याने द्रावण पातळ करून वापरतात, आणि ब्युपिव्हॅकेनही दिले तर दोघांचा हिशेब एकत्र धरावा लागतो. मर्यादा ओलांडली तर ओठ बधिर होणे, तोंडाला धातूची चव येणे, कानात गुणगुण होणे आणि पुढे झटके येणे इथपर्यंत मजल जाते. यापैकी काहीही जाणवले तर ते लगेच बोलून दाखवायचे असते.

दुसरी पद्धत गुंगीची, म्हणजे सेडेशनची. मिडॅझोलाम, फेंटॅनिल, प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन यांतून निवड करून रुग्णाला डुलकीत ठेवतात. सर्वसामान्यांना ही पद्धत सर्वांत सौम्य वाटते. आम्हा भूलतज्ज्ञांना मात्र ती कित्येकदा पूर्ण भुलीपेक्षा जास्त जागरूक ठेवते, कारण हलकी गुंगी आणि खोल गुंगी यांत रेषा आखलेली नसते आणि रुग्ण नकळत पलीकडे जाऊ शकतो. येथे तर सर्जन डोक्याशी उभे, चेहऱ्याभोवती कापड, आणि श्वासाकडे पोचायला आम्हाला जागा थोडी. त्यातच नाकाशी नळीतून ऑक्सिजन सुरू असताना काही इंचांवर कॉटरी (विजेने रक्तवाहिन्या जाळून रक्त थांबवणारे उपकरण) चालली तर आग भडकू शकते, म्हणून ऑक्सिजन गरजेपुरताच ठेवतात आणि कॉटरीआधी कमी किंवा बंद करतात. सर्जनने स्वतःच गुंगीचे इंजेक्शन द्यायचे आणि स्वतःच शस्त्रक्रिया करायची, असे कुठे सुचवले गेले तर तेथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळा भूलतज्ज्ञ बोलावल्याने खर्च वाढतो हे खरे; पण तो पैसा तुमच्या श्वासावर लक्ष ठेवण्याचा आहे.

पूर्ण भुलीत श्वासमार्ग नळीने सुरक्षित केलेला असतो, ऑक्सिजन चेहऱ्यावर मोकळा राहत नाही, आणि सर्जनला निवांत काम करता येते. आईंना सांगावे की निरोगी तरुण व्यक्तीत निव्वळ भुलीमुळे जीव जाण्याचा धोका लाखात एकाच्या आसपास धरतात. (पुणेकरांसाठी थोडे विषयांतर: १७९४ साली लंडनच्या एका मासिकाने पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापली होती. त्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्याच त्वचेतून पुन्हा घडवले होते. बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १८४६ साली, म्हणजे कावसजींच्या नशिबी आजच्यासारखी भूल नव्हती.)

घाटातल्या उलटीचा संबंध आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. स्त्री असणे, धूम्रपान न करणे आणि प्रवासात मळमळणे ही तिन्ही भुलीनंतरच्या उलटीची ओळखीची कारणे आहेत. उलटीच्या जोराने रक्तदाब चढतो आणि ताज्या टाक्यांखाली रक्त साकळू शकते. पूर्ण भूल ठरलीच तर वायूऐवजी प्रोपोफॉलवर चालवलेली भूल आणि जोडीला उलटीविरोधी दोन औषधे द्यावीत, असे भूलतज्ज्ञांना सुचवता येईल. तुमचे वजन, प्रकृती आणि घाटाचा अनुभव पाहता मी जागेवरची भूल आणि हलकी गुंगी या बाजूला झुकेन. मात्र पूर्ण भुलीची सगळी तयारी असलेल्या शस्त्रक्रियागृहातच. आवाज आणि ओढ सहन होणार नाही असे मनापासून वाटत असेल, तर संकोच न करता पूर्ण भूल घ्यावी.

प्रश्न : दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर माझी छाती धडधडली आणि हात थरथरले. त्यांनी कागदावर ‘लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी’ असे लिहिले. आता हेअरलाइनची शस्त्रक्रिया मला करता येईल का? – एक वाचक, निगडी

उत्तर : धडधड आणि थरथर ही बहुधा अ‍ॅड्रेनलिनची किमया असते, काही मिनिटांत ती आपोआप ओसरते. लिग्नोकेनच्या गटातील औषधांची खरी अ‍ॅलर्जी विरळा आहे. अंगावर गांध्या उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, श्वास घरघरला होता का, हे आठवून पाहावे. यापैकी काही घडले असेल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून चाचणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नसेल, तर तो जुना कागद भूलपूर्व तपासणीच्या वेळी दाखवून ती नोंद तपासून घ्यावी, नाहीतर तुमच्या वाट्याला येणारा सर्वांत उपयोगी पर्याय विनाकारण हातचा जाईल. रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असल्यास तेही त्याच वेळी सांगावे, कारण अ‍ॅड्रेनलिनचे प्रमाण त्यावर ठरते.

प्रश्न : शस्त्रक्रियेला तीन महिने झाले तरी माझ्या डोक्याचा पुढचा भाग बधिरच आहे. भूल उतरली नाही असे समजावे का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. भूल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली. कपाळातून वर जाणाऱ्या नसांच्या बारीक फांद्या छेदात कापल्या जातात, त्यामुळे टाक्यांच्या मागचा भाग बधिर होतो. संवेदना कित्येक महिन्यांत हळूहळू परतते. मुंग्या येणे आणि खाजणे ही त्याची खूण असते. काही जणांत थोडी बधिरता कायम राहते. तोवर केस वाळवताना गरम हवेचा झोत तिथे धरू नये, कारण चटका बसल्याचे कळणार नाही.

प्रश्न : शस्त्रक्रिया सकाळी नऊला आहे. सहाला चहा घेतला तर चालेल का, आणि संध्याकाळी स्कूटर चालवत घरी येता येईल का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर दुधाचा चहा आहार समजतात, आणि त्यानंतर सहा तास जावे लागतात, तळलेले पदार्थ खाल्ले असतील तर आठ. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. स्कूटर चोवीस तास नको. सोबत कोणीतरी मोठे माणूस असल्याशिवाय तुम्हाला घरी सोडणार नाहीत, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावे.