डोळे आले आहेत, अँटिबायोटिक ड्रॉप्सने फरक का पडत नाही?

डोळे येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण अ‍ॅडिनोव्हायरस हा विषाणू आहे आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. त्यामुळे ड्रॉप्स बदलून उपयोग नाही. हा त्रास साधारण 1 ते 2 आठवड्यांत, कधी 3 आठवड्यांत आपोआप ओसरतो. सुरुवातीचे काही दिवस तो वाढतो आणि बऱ्याचदा दुसरा डोळाही येतो, म्हणून घाबरू नका. थंड पाण्याच्या घड्या आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी बराच आराम पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स तूर्त बंद.

कळकळीची विनंती एकच: घरात पडलेले जुने स्टिरॉइडचे ड्रॉप्स घालू नका. लाली पटकन उतरते, म्हणून लोकांना ते गुणकारी वाटतात. पण संसर्ग हर्पिस या दुसऱ्या विषाणूचा असेल तर बुबुळावरची जखम चिघळते आणि नजर कायमची अधू होऊ शकते. हर्पिसवर अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधं आहेत, मात्र ती तपासणीनंतरच घ्यायची.

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. तान्ह्या बाळाच्या बाबतीतही थांबू नका.

नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, पसरतात ते हातांमुळे. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, हात साबणानेच धुवा, कारण हा विषाणू सॅनिटायझरला सहज दाद देत नाही.